बावीस वेळा शांत झोपा

उशांच्या कंपनीत तिला सगळे टपालबाई म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हजेरी घेणारा कारकूनही हाक मारताना टपालबाईच म्हणे. तेविसाव्या वर्षी ती तिथल्या आवक-जावक विभागात लागली, तेव्हा काम होतं पाकिटं चिकटवायचं, तिकिटं लावायचं आणि जावक वहीत नोंद करायचं. बोटांना डिंक असा कायमचा बसलेला असे की नवरा म्हणायचा, हिच्या हातात कप दिला की तो परत मिळत नाही. पुढे फॅक्स आला, तो तिच्याकडे आला. फॅक्स गेला आणि ईमेल आला तेव्हा मोठ्या साहेबांनी घटकाभर विचार केला, "टपाल म्हणजे टपाल," असं म्हणाले आणि सर्व्हरच्या खोलीची किल्लीही तिच्याच हातात ठेवली.

ती खोली म्हणजे पूर्वी नमुन्याच्या उशा ठेवायची जागा. सर्व्हर आला तरी उशा कोणी हलवल्या नाहीत. त्यामुळे टपालबाईचं यंत्र चारी बाजूंनी उशांनी वेढलेलं होतं आणि ते एखाद्या आजारी माणसासारखं मऊ आवाजात घरघरत असे. तिने एक जाडजूड पुस्तक आणून रोज दहा पानं वाचून विद्या मिळवली. संध्याकाळी सासूबाईंसमोर बसून ती मोठ्याने वाची. सासूबाई तिसऱ्या पानाला झोपत आणि आठव्या पानाला जाग्या होऊन म्हणत, "मग, पोचलं का पत्र?"

तीस वर्षांत तिच्या हातून एकही पत्र गहाळ झालं नव्हतं. याचा तिला गर्व होता, पण सांगणार कुणाला? पत्र पोचलं हे काय सांगायचं असतं?

मग एके दिवशी सकाळी ऑफिससमोरचा रस्ता खणायला यंत्र आलं आणि त्याने पहिल्याच फटक्यात कंपनीची इंटरनेटची तार तोडली. दिवसभर एकही ईमेल बाहेर पडला नाही. धाकटे साहेब, म्हणजे मोठ्या साहेबांचे चिरंजीव आणि आता कंपनीचे मालक, खिडकीत उभे राहून त्या खड्ड्याकडे असे बघत होते, जणू तो आपणहून भरून येईल. दुसऱ्या दिवशी त्यांनी टपालबाईला बोलावलं.

"बाई, आपल्या जागा किती?"

"तीन. हे ऑफिस, नदीपलीकडचा कारखाना आणि कापसाचं गोदाम."

"तिन्ही ठिकाणी इंटरनेट आहे ना? मग इथली तार तुटली तर पत्रं कारखान्यातून जायला हवीत. कारखान्याची तुटली तर गोदामातून. आणि हे आपोआप व्हायला हवं. मला कळताही कामा नये."

"तुम्हाला तसंही कळत नाही, साहेब," असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती म्हणाली, "होईल."

कारखान्यात आणि गोदामात एकेक छोटा सर्व्हर बसवला आणि तिन्ही जागा आपसांत जोडणारी एक वेगळी तार मागच्या गल्लीतून नेली. गोदामातला एका लोखंडी कपाटात राहिला आणि कपाटाची किल्ली गोदामाच्या मावशींकडे. मावशींचं काम कापसाच्या गाठी वजन करून आत घ्यायचं. त्यांना वाटलं कपाटात काहीतरी नाजूक जनावर ठेवलंय. त्या रोज कपाटाला कान लावून ते जिवंत आहे याची खात्री करून घेत.

टपालबाई आता तिन्ही ठिकाणचे रस्ते लिहायला बसली. घरी सासूबाईंनी विचारलं, हे काय चाललंय. तेव्हा तिने सांगितलं, "आई, असं समजा की आपल्या घराला तीन दारं आहेत. पत्राने आधी स्वतःच्या दाराने बाहेर जायचं. ते बंद असलं तर शेजारच्या दाराने. प्रत्येक दाराला मी आकडा देते. ज्याचा आकडा लहान त्याचा मान मोठा. पाच आकड्याचं दार आधी, मग दहाचं, मग वीसचं."

"मग या घरात माझा आकडा किती?"

"तुमचा एक, आई."

सासूबाईंचं समाधान झालं. कोपऱ्यात बसून जेवणारा नवरा म्हणाला, "आणि माझा?" सासूबाईंनी त्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकली. तो गाडी शिकवायच्या क्लासमध्ये शिक्षक होता. दिवसभर शिकाऊ माणसाशेजारी बसून आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबणं हा त्याचा व्यवसाय. त्यामुळे घरी येईपर्यंत त्याची कोणाकडूनच फारशी अपेक्षा उरत नसे.

चाचणीसाठी बुधवार, दुपारचे अडीच अशी वेळ ठरली. अडीच ते तीन कोणीही बाहेर ईमेल पाठवू नये, अशी सूचना टपालबाईने सगळ्यांना पाठवली, फळ्यावर लावली आणि पाण्याच्या पिंपावरही चिकटवली. ती सगळ्यांनी वाचली. धाकट्या साहेबांनी वाचली नाही, कारण सूचना वाचायच्या नसतात, काढायच्या असतात, असं त्यांचं मत होतं.

बरोबर अडीच वाजता तिने उशांच्या मधून हात घालून इंटरनेटची तार उपटली. मग एक चाचणीचं पत्र लिहिलं. विषय: चाचणी. मजकूर: चाचणी. पत्ता: नवऱ्याचा. आणि पाठवलं.

पत्र कारखान्यात गेलं. तिच्या पडद्यावर तशी नोंद उमटली. ती हसली. आता पत्र कारखान्याच्या दाराने बाहेर पडणार होतं.

पत्र गोदामात गेलं.

तिचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बारीक झाले. गोदामात का? असो, गोदामाच्या दाराने जाईल.

पत्र परत ऑफिसात आलं. ऑफिसचं दार बंद, म्हणून ऑफिसने ते कारखान्याकडे धाडलं. कारखान्याने गोदामाकडे. गोदामाची तार इतकी बारीक होती की एकेका फेरीला दोन-तीन मिनिटं लागत होती. पत्र जणू देवळाला प्रदक्षिणा घालत असल्यासारखं शांतपणे फिरत होतं.

तिने गोदामात फोन लावला. "मावशी, कपाटातले दिवे कसे आहेत?"

मावशींनी जाऊन पाहिलं. "लुकलुकताहेत. खुशीत दिसतोय."

टपालबाईने फोन ठेवला आणि तिन्ही ठिकाणचे आकडे समोर मांडले. ऑफिस ठीक होतं. कारखान्याच्या यादीत मात्र स्वतःच्या दारापुढे पाचऐवजी पन्नास लिहिलं होतं. एक शून्य जास्त पडलं होतं. म्हणून कारखाना आपलं दार उघडं असूनही दहा आकड्याच्या गोदामाला आधी मान देत होता. आणि मेहनत वाचवायला तिने गोदामाची यादी कारखान्याच्या यादीवरून उतरवून घेतली होती, शून्यासकट. गोदामही पाहुणचार करत पत्र ऑफिसकडे धाडत होतं. तिन्ही घरं "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत बसली होती.

एवढंच असतं तर तिने दोन शून्यं पुसली असती आणि विषय मिटला असता. पण रांगेत आणखी एक पत्र होतं. पाठवणारे: धाकटे साहेब. दोन वाजून बत्तीस मिनिटं.

आणि आता तिला तळटीप आठवली. कंपनीच्या वकिलांनी लिहिलेली एक तळटीप बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या खाली आपोआप जोडली जात असे. प्रत्येक सर्व्हर ती जोडत असे. म्हणजे प्रत्येक फेरीत तीनदा. तळटीप अशी होती:

"हा मजकूर गोपनीय असून केवळ ज्यांना पाठवला आहे त्यांच्यासाठीच आहे. चुकून आपल्याकडे आला असल्यास वाचू नये. वाचला असल्यास विसरावा. विसरणे शक्य नसल्यास तसे आम्हास लेखी कळवावे. शांत झोपा."

शेवटचं वाक्य वकिलांचं नव्हतं, ते कंपनीचं ब्रीदवाक्य होतं.

घाबरून माणूस जे पहिलं हाताला लागेल ते करतो. टपालबाईच्या हाताला तार लागली. तिने ती परत खोचली. ऑफिसचं दार उघडलं आणि फिरत असलेली दोन्ही पत्रं पुढच्या फेरीला ऑफिसात येताच सुखाने बाहेर पडली. तेव्हा कुठे तिला पुस्तकातलं पान आठवलं. तीस मुक्काम झाले की सर्व्हर पत्राला वाट चुकलेलं समजतो आणि पाठवणाऱ्याकडे परत करतो. तिने काहीही केलं नसतं तर काहीही झालं नसतं. साहेबांचं पत्र बाविसाव्या मुक्कामावर होतं.

पावणेचारला फोन वाजला. नवरा होता.

"अगं, तुझं पत्र आलं. चाचणी म्हणून."

"बरं."

"त्यात तू मला पंचवीस वेळा शांत झोप म्हणून सांगितलंयस. मी गाडीत आहे. शेजारी विद्यार्थिनी आहे. तिने ते वाचलं आणि गाडी फूटपाथला टेकवली. मला खरं सांग, मला काही आजार झालाय का?"

"नाही हो. कुठे आहात तुम्ही?"

"तुझ्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत."

तेवढ्यात धाकटे साहेब स्वतः उशांच्या खोलीत आले. ते कधी येत नसत. हातात मोबाइल होता आणि तो सारखा टुणटुण वाजत होता.

साहेबांनी पत्र लिहिलं होतं ते एका मोठ्या हॉटेलच्या खरेदीबाईंना. त्यांनी विचारलं होतं, चार हजार उशा पंधरा तारखेपर्यंत मिळतील का, आज पाच वाजेपर्यंत लेखी कळवा, नाहीतर आम्ही दुसरी कंपनी बघू. साहेबांनी उत्तर दिलं होतं: "हो." एका अक्षराच्या त्या पत्राखाली बावीस तळटिपा गेल्या होत्या.

खरेदीबाई सूचना पाळणाऱ्या होत्या. त्यांनी बावीस उत्तरं पाठवली होती. पहिलं असं: "आपला मजकूर वाचला. विसरण्याचा प्रयत्न केला. शक्य झाले नाही. कळवत आहे. तळटीप क्र. १." मग तळटीप क्र. २. आता साहेबांच्या मोबाइलवर सतरावं उत्तर येत होतं.

"मी फोन केला," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज लहान झाला होता. "मी म्हटलं, बाई, ते पत्र तुम्हालाच होतं. त्या म्हणाल्या, एकदा लिहिलं असतं तर मी नेहमीचं समजले असते. बावीस वेळा चुकून आलंय म्हणून बजावताय म्हणजे ते माझं नाहीच. आणि फोनवरचं मी धरत नाही. आता या पत्त्यावरून काही आलं तर उघडणारही नाही, कारण तेही गोपनीय असेल."

"मग कागदावर द्यायचं," टपालबाई म्हणाली.

"कागदावर कसं?"

"साहेब, पूर्वी कागदावरच जायचं."

चार वाजले होते. तिने एक कोरा कागद घेतला, त्यावर हॉटेलचं नाव, तारीख आणि "चार हजार उशा पंधरा तारखेपर्यंत नक्की देऊ" एवढं छापलं, खाली एकही तळटीप ठेवली नाही आणि साहेबांची सही घेतली. तिच्या कपाटाच्या तळाशी डिंकाची बाटली होती, ती वाळून दगड झाली होती. तिने पाकीट जिभेने ओलं करून बंद केलं, दोन्ही कडांवरून अंगठा फिरवला आणि मागच्या दाराने गल्लीत गेली.

नवऱ्याची गाडी अजून फूटपाथला टेकलेली होती. स्टिअरिंगवर एक दातांच्या डॉक्टर बाई बसल्या होत्या, पन्नाशीच्या, पाठ ताठ.

"हॉटेलवर जायचंय. पाचच्या आत," टपालबाई मागे बसत म्हणाली. "अहो, तुम्ही चालवा."

"माझा तास आहे," डॉक्टर बाई म्हणाल्या. "पाच वाजेपर्यंत."

नवऱ्याने असहाय हात पसरले. "क्लासचा नियम आहे. त्यांच्या तासाला त्याच चालवतात."

"मग चालवा ना."

"एक अडचण आहे," नवरा म्हणाला. "यांना उजवीकडे वळता येत नाही."

"येतं," डॉक्टर बाई म्हणाल्या. "पण समोरून माणसं येत असतात. त्यांच्या तोंडावर जाणं मला बरं वाटत नाही."

"रोज तर लोकांच्या तोंडातच हात घालता," नवरा म्हणाला.

"ते झोपून असतात."

हॉटेल उजवीकडे होतं. टपालबाईने खिडकीबाहेर पाहिलं आणि तिच्या डोक्यात सकाळपासून फिरत असलेली तीन दारं हलली. "उजवीकडचं दार बंद ना? मग डावीकडे घ्या. परत डावीकडे. परत डावीकडे. तीन डावे म्हणजे एक उजवा."

आणि तसे ते निघाले. पहिल्या उजव्या वळणाला तीन डावी वळणं घेतली आणि ते शिंप्याच्या दुकानावरून गेले. दुसऱ्या उजव्या वळणाला पुन्हा तीन घेतली आणि परत त्याच शिंप्याच्या दुकानावरून गेले. शिंपी दारात उभा राहून कुणाचं तरी माप घेत होता. तिसऱ्या वेळी त्याने टेप खांद्यावर टाकून हात हलवला. टपालबाई पुढे वाकली. हे तिने आज दुपारी एकदा पडद्यावर पाहिलं होतं.

"थांबा," ती म्हणाली. "आपण फिरतोय. अहो, पुढची गल्ली कुठे निघते?"

"पुलाखाली."

"तिथून हॉटेल कुठल्या बाजूला?"

नवऱ्याने डोळे मिटून हाताने हवेत वळणं काढली. "डावीकडे."

"मग सरळ."

गाडी सरळ गेली. डॉक्टर बाईंनी पुलाखाली एका बसला वाट दिली, एका हातगाडीला दिली आणि उभ्या असलेल्या एका मोटारीलाही दिली. ती मोटार रिकामी होती. नवऱ्याने ब्रेकवरचा पाय एकदाही उचलला नाही. चार वाजून बावन्न मिनिटांनी ते हॉटेलच्या फाटकाशी लागले, आणि डॉक्टर बाई म्हणाल्या, "माझी आठ मिनिटं राहिली आहेत, मी आणखी एक चक्कर मारते," आणि नवऱ्याला घेऊन निघून गेल्या.

खरेदीबाई तळमजल्यावरच्या एका लहान खोलीत बसत. टेबलावर कागदांच्या चार सरळ चवडी होत्या, आणि प्रत्येकीवर एकेक गुळगुळीत दगड. त्या टपालबाईच्याच वयाच्या होत्या. चष्म्यावरून पाहत त्यांनी विचारलं, "काय?"

"उशांच्या कंपनीतून आलेय. पत्र आहे. हे तुम्हालाच आहे."

खरेदीबाईंनी पाकीट घेतलं. आधी पुढची बाजू पाहिली, मग मागची. कडेवरून बोट फिरवलं. "हे कोणी बंद केलं?"

"मी."

"कड कुठेच सुटलेली नाही. आजकाल कोणाला जमत नाही हे." त्यांनी खणातून पट्टी काढून पाकीट सरळ फोडलं, पत्र वाचलं, उलटं करून मागे काही लिहिलंय का पाहिलं. काही नव्हतं. मग त्यांनी एक जाड वही ओढली आणि नोंद केली. आवक, तारीख, वेळ चार वाजून सत्तावन्न मिनिटं. ठप्पा मारला. पोच म्हणून टपालबाईला सहीचा कागद दिला.

"त्या बावीस उत्तरांचं वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं काहीतरी यंत्राचं असेल. पण लिहिलंय लेखी कळवा, तर कळवायला नको? आम्ही आवकमध्ये होतो तेव्हा असंच शिकवलं."

"तुम्ही आवकमध्ये होता?"

"अकरा वर्षं. तुम्ही?"

"मी आवक-जावक दोन्ही."

खरेदीबाईंनी चष्मा काढला आणि खुर्ची पुढे केली. दोघी सव्वासहापर्यंत बसल्या होत्या. डिंक कुठला चांगला, स्पंज किती दिवसांनी बदलायचा, आणि ज्याने पाकिटाला पिना मारायची चाल काढली त्या माणसाला काय शिक्षा द्यायला हवी, यावर त्यांचं बोलणं झालं. शिक्षेबाबत त्यांचं एकमत झालं नाही. खरेदीबाई जास्त कडक होत्या.

दुसऱ्या दिवशी टपालबाईने दोन शून्यं पुसली. मग सर्व्हरना शिकवलं की तळटीप एकदा असली की परत जोडायची नाही. वकिलांना साहेबांनी सांगितलं की विसरण्याबद्दल काही लिहू नका. वकिलांनी कुरकुर केली, पण त्या बावीस उत्तरांच्या प्रती पाहिल्यावर त्यांनी ती वाक्यं स्वतःच खोडली. पुढच्या बुधवारी तिने पुन्हा तार उपटली. पत्र कारखान्यात गेलं आणि तिथून सरळ बाहेर पडलं. मग कारखान्याची तार काढायला लावली. पत्र गोदामातून गेलं. मावशींनी फोनवर कळवलं की कपाट थोडं गरम झालंय, पण अंगात ताप नाही.

आणि दोन महिन्यांनी रस्ता खणायचं यंत्र परत आलं. तार परत तुटली. सकाळी दहा ते दुपारी चार ऑफिसचं दार बंद होतं, आणि त्या सहा तासांत तीनशे एकोणीस पत्रं नदीपलीकडून निमूटपणे बाहेर पडली. धाकटे साहेब खिडकीत उभे राहून खड्ड्याकडे बघत चहा पीत होते. त्यांनी स्वतः चौदा ईमेल पाठवले. कोणाला काही कळलं नाही.

टपालबाई त्या सहा तासांत खुर्चीवरून उठली नाही. एकेक पत्र जाताना बघत होती. चार वाजता तार जोडली गेली तेव्हा तिला वाटलं, कुणाला तरी सांगावं. शेजारच्या टेबलावरचा हिशेबनीस बेरजा करत होता. त्याला काय सांगणार?

घरी आल्यावर तिने चप्पलही काढली नाही. "आई, आज ऑफिसची तार तुटली होती. सहा तास."

सासूबाईंनी भाजी निवडायची थांबवली. "अगं बाई. मग काय झालं?"

"काहीच नाही. सगळी पत्रं पोचली."

"साहेब ओरडले?"

"त्यांना कळलंच नाही."

"तुझं काही चुकलं?"

"नाही."

"म्हणजे काहीच झालं नाही."

"नाही," टपालबाई म्हणाली. हे इतकं पोकळ वाटेल असं तिला वाटलं नव्हतं. ती चप्पल काढायला वाकली.

सासूबाईंनी भाजीची परात बाजूला सारली. मग त्यांनी हात पदराला पुसले, फोन घेतला आणि आपल्या धाकट्या बहिणीला लावला. त्या फोनवर नेहमीच जरा मोठ्याने बोलत, कारण बहीण लांब राहायची.

"ऐकलंस का गं," त्या म्हणाल्या. "आमच्या सूनबाईच्या ऑफिसात आज सहा तास काहीही झालं नाही. हो, काहीच नाही. हिनेच केलं सगळं. नाही गं, सोपं नसतं ते, तीन ठिकाणी बघावं लागतं."